आधी मोजा, मग फॉरमॅट करा

लॅपटॉप मंद चालू लागला की आपल्याकडे दोनच निदाने ठरलेली असतात. एक, 'व्हायरस शिरला' आणि दुसरे, 'मशीन जुने झाले'. उपायही दोनच : फॉरमॅट करणे किंवा नवा घेणे. दोष कोणता होता, हे यांपैकी कोणत्याही उपायाने कळत नाही. प्रयोगशाळेत आपण जी पद्धत शिकवतो, तिच्या हे अगदी उलट आहे, असे माझे मत आहे.

आमच्या प्रयोगशाळेतील एका लॅपटॉपची हकिकत सांगतो. साधा आलेख उघडायला त्याला मिनिटभर लागू लागले. दुरुस्तीवाल्याने तो दोनदा फॉरमॅट केला. त्यात विद्यार्थ्यांची वर्षभराची निरीक्षणे पुसली गेली. मंदपणा मात्र तसाच राहिला. तो भंगारात काढायचे ठरत असताना एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, याचा वेग आपण मोजला कुठे आहे?" टास्क मॅनेजर उघडला, तर प्रोसेसर ०.८ गिगाहर्ट्झवर खिळलेला ! काम कितीही द्या, आकडा हलेना.

मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असे ठरले. पॉवर ऑप्शन्समधील प्रोसेसरची कमाल मर्यादा पाहिली. ती १०० टक्के होती. ड्रायव्हर नव्याने घातले. फरक पडला नाही. झरोक्यातून येणारी हवा गरम नव्हती, म्हणजे तापल्यामुळे वेग घटला असेही नव्हते. शेवटी अ‍ॅडॅप्टर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवला आणि वेग एकदम तिपटीवर गेला. त्याच बनावटीचा दुसरा अ‍ॅडॅप्टर जोडला, तरी वेग टिकून राहिला. दोष सापडला !

असे का व्हावे ? काही लॅपटॉपमध्ये अ‍ॅडॅप्टर आपली क्षमता एका वेगळ्या तारेतून लॅपटॉपला कळवतो. हा निरोप पोहोचला नाही, तर किती वीज मिळणार हे लॅपटॉपला समजत नाही. मग तो सावधगिरी म्हणून प्रोसेसर अगदी हळू चालवतो.

पण वेग कमी केल्याने वीज वाचते कशी ? प्रोसेसरमधील ट्रान्झिस्टर चालू-बंद होताना खर्च होणारी शक्ती ही धारिता, विद्युतदाबाचा वर्ग आणि वारंवारता यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. वारंवारता कमी केली की कमी दाबावरही काम भागते. समजा, वारंवारता निम्मी केली आणि दाब १.२ व्होल्टवरून ०.८ व्होल्टवर आणला. दाबाच्या गुणोत्तराचा वर्ग ०.४४, त्याची निम्मे ०.२२. म्हणजे वेग निम्मा, पण शक्ती पाचव्या हिश्शाच्या आसपास. (गळतीचा प्रवाह येथे हिशेबात धरलेला नाही.) याच तत्त्वावर इंटेलने २००० साली लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्ये स्पीडस्टेप ही सोय आणली.

हा वेग ठरवण्याच्या कामात अनेकांचा हात असतो. प्रोसेसर स्वतः, त्याला ऑपरेटिंग सिस्टिमचे निरोप पोहोचवणारा ड्रायव्हर, यंत्रातील फर्मवेअर आणि आपण निवडलेली पॉवरची योजना. या सर्वांनी एका भाषेत बोलावे म्हणून १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी एसीपीआय हे मानक प्रसिद्ध केले. साखळीतील कोणताही दुवा बिघडला तरी बाहेरून लक्षण एकच दिसते : मंदपणा. ताप आला म्हणजे मलेरियाच, असे डॉक्टर म्हणत नाहीत. मग आपण तरी मंदपणा म्हणजे व्हायरसच, असे का म्हणावे?

काही शिक्षक म्हणतील, मुलांनी यंत्रात हात घालू नये. बॅटरी उघडणे, झाकण खोलणे यांपुरते ते बरोबरच आहे. फुगलेली लिथियम बॅटरी धोकादायक असते. तिला कोणी हात लावू नये. पण पडद्यावरचा आकडा वाचायला पेचकस लागत नाही. फॉरमॅटची गरजही कधी कधी खरोखर असते. मात्र तो शेवटचा उपाय असावा आणि त्याआधी माहितीची प्रत काढलेली असावी. कारण फॉरमॅटमुळे माहितीबरोबर दोषाचा पुरावाही पुसला जाऊ शकतो.

माझी सूचना साधी आहे. शाळेतील प्रत्येक संगणकाजवळ एक वही ठेवावी. यंत्र ठीक असताना त्याचा रिकाम्या वेळचा व कामाच्या वेळचा वेग विद्यार्थ्यांनी त्यात लिहावा. बिघाड झाला की पुन्हा मोजावे, एक गोष्ट बदलावी आणि परत मोजावे. आमचा तो लॅपटॉप आज आलेख काढतो आहे. त्याला लागला फक्त एक अ‍ॅडॅप्टर. वर्षभराची ती निरीक्षणे मात्र परत मिळाली नाहीत.