सुई प्रशिक्षित हातीच हवी

रक्तनमुना घेण्याचे काम प्रशिक्षित, नोंदणीकृत तंत्रज्ञाखेरीज कोणाकडेही सोपवू नये, अशी आमची ठाम भूमिका आहे. संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी २०२१मध्ये केंद्रीय कायदा झाला. या क्षेत्रात उतरू पाहणाऱ्या नाशिक जिल्ह्यातील ओझरच्या मुलामुलींना आता नुसते प्रमाणपत्र नको, हाताला सराव हवा.

दंडावरचा पट्टा मिनिटापेक्षा अधिक काळ आवळून ठेवला, नळी जोराने हलवली, की तांबड्या पेशी फुटू शकतात. मग अहवालात पोटॅशियम विनाकारण वाढलेले दिसते आणि उपचारांची दिशाच चुकते.

आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय नाशकातच आहे. विद्यापीठ व शासनाने जिल्ह्यातील सरकारी रुग्णालयांत देखरेखीखालील सराव सक्तीचा करावा. अन्यथा झटपट अभ्यासक्रमांची किंमत रुग्णांनाच मोजावी लागेल.