पाडव्याची खरेदी आणि बेगमीचा हिशेब

चैत्र शुद्ध प्रतिपदेचा सूर्य उगवण्यापूर्वीच दादर स्थानकालगतचा फुलबाजार गजबजलेला असतो. झेंडूचे ढीग, आंब्याचे टहाळे, कडुनिंबाच्या डहाळ्या आणि साखरेच्या गाठ्यांच्या माळा यांतून वाट काढीत गृहस्थ व गृहिणी पुढे सरकत असतात. त्यांतील कित्येक जण बोरिवली-ठाण्याहून पहाटेची गाडी धरून आलेले असतात. एवढ्या लांबून का, असे विचारले तर उत्तर ठरलेले असते, ‘इथे स्वस्त मिळते.’ अर्धा किलो झेंडू आणि दोन गाठ्या यांत वाचणारे चार पैसे एका पारड्यात घालावे. दुसऱ्या पारड्यात गाडीभाडे, स्थानकाबाहेरचा चहा-वडा आणि ‘आलोच आहोत तर’ म्हणून घेतलेल्या तीन अनावश्यक वस्तू घालाव्या. पारडे कोणीकडे झुकते ते सांगावयास ज्योतिषी नको. सणाचा उल्हास अनुभवण्यासाठी कोणी दादरला जात असेल तर त्याने अवश्य जावे. त्या आनंदाची किंमत मोजण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही. परंतु पैसे वाचविण्यासाठी गेलो असे म्हटले, की हिशेब द्यावा लागतो.

काटकसर हा आपल्या घरांतून पिढ्यानपिढ्या सद्गुण मानला गेला आहे, आणि ते योग्यच आहे. संस्कृतात तिला मितव्यय म्हणतात. ‘मित’ हे ‘मा’ म्हणजे मोजणे या धातूचे रूप. म्हणजे मितव्यय याचा मूळ अर्थ थोडा खर्च असा नसून मोजून केलेला खर्च असा होतो. हा भेद केवळ व्याकरणाचा नाही. स्वस्त म्हणून न मोजता दहा वस्तू घेणारा आणि महाग म्हणून न मोजता एकही न घेणारा, दोघेही मितव्ययी नव्हेत. कौटिल्याने तर मोजण्याचा भार एकट्या ग्राहकावर टाकलाच नाही. त्याच्या अर्थशास्त्रात वजनमापांवर देखरेख ठेवणारा पौतवाध्यक्ष आहे, आणि देशी मालावर शेकडा ५ व परदेशी मालावर शेकडा १० इतकाच नफा व्यापाऱ्याने घ्यावा अशी मर्यादाही आहे. ती मर्यादा प्रत्यक्षात किती पाळली जात होती हा प्रश्न निराळा. पण खरेदीदाराने तेवढे शहाणे व्हावे आणि राज्याने स्वस्थ बसावे, असा त्याचा विचार खचित नव्हता.

आता रानडे रोडवरील पाट्यांकडे पाहू. ‘दोन घ्या, एक मोफत’ ही पाटी वाचून मनुष्य निम्मी सवलत मिळाल्याच्या आनंदात असतो; वस्तुतः ती एकतृतीयांश असते, आणि तीही तिन्ही वस्तूंची गरज असेल तरच. एकच हवी असताना तीन घेणाऱ्याने एकीसाठी दुप्पट पैसे मोजले. ‘५० टक्के अधिक २० टक्के सूट’ ही बेरीज ७० होत नाही. २,००० रुपयांची साडी आधी १,००० ला येते, मग त्या १,००० चे २० टक्के वजा होऊन ८०० ला. म्हणजे सूट ६० टक्क्यांची. ‘बिनव्याजी हप्ते’ या शब्दप्रयोगाबद्दल तर रिझर्व्ह बँकेनेच सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांचे कान उपटले होते. शून्य व्याज असे काही नसते, ते प्रक्रिया शुल्काच्या रूपाने ग्राहकाकडूनच वसूल होते, असा त्या सूचनेचा आशय होता. आमच्या परिचयाच्या एका सुशिक्षित गृहस्थांनी मात्र आजतागायत तीन वस्तू बिनव्याजी घेतल्या आहेत आणि चौथीच्या शोधात आहेत.

मोठे पुडके घेतले की स्वस्त पडते, ही अशीच एक सर्वमान्य समजूत. पुष्कळदा ती खरी ठरते, सदैव नव्हे. शांपूच्या रुपया-दोन रुपयांच्या पुड्यांचा दर कैक वेळा मोठ्या बाटलीहून कमी निघतो, हे गिरगावातील कोणतीही चाणाक्ष सून सांगेल. पूर्वी पुष्कळशा नित्योपयोगी वस्तू ठराविक वजनांतच बांधाव्या लागत. नोव्हेंबर २०२१ मध्ये नियम बदलले आणि ते बंधन गेले. त्याच दुरुस्तीने वेष्टनावर दर ग्रॅमचा, किलोचा वा लिटरचा भाव छापणे मात्र आवश्यक केले. ग्राहकाच्या हाती आलेले हे लहानसे परंतु धारदार शस्त्र आहे. दोन पुडकी शेजारी धरून तो एक आकडा पाहिला, की दुकानदाराशी पाऊण तास घासाघीस करून साधणार नाही ते साधते. आकडा बारीक अक्षरांत असतो, ही तक्रार खरी आहे. चष्मा घरी विसरणे महागात पडते ते असे.

परंतु आज आम्हांस विशेष बोलावयाचे आहे ते बेगमीविषयी. पाडवा झाला की चैत्र-वैशाखाच्या उन्हात लालबागच्या मसाल्याच्या दुकानांपुढे गर्दी उसळते. ब्याडगी रंगासाठी, संकेश्वरी आणि लवंगी तिखटपणासाठी, काश्मिरी आणखी कशासाठी. प्रत्येक घराचे प्रमाण निराळे आणि प्रत्येक घराच्या मते तेच खरे. मिरची निवडायची, देठे खुडायची, गच्चीवर वा गॅलरीत कडकडीत वाळवायची, धणे-दालचिनी-दगडफूल भाजून घ्यायचे, डंकावर रांग लावून कुटून आणायचे, आणि वर्षभराचा मसाला बरणीत हिंगाचा खडा घालून दडपून ठेवायचा. परळ-लालबागच्या कोकणी घरांतून हा सोहळा व्रतासारखा पाळला जातो. यात पैसे वाचतात काय?

एका सुगृहिणीने आमच्या विनंतीवरून खरोखरच हिशेब मांडला. देठे आणि वाळवणीत वजन उतरते, ते एक. गरम मसाल्याचे जिन्नस मिरचीपेक्षा महाग, ते दुसरे. कुटणावळ, टॅक्सी, आणि भाजताना लागलेला गॅस. एवढे धरून तयार मसाला किलोला जो पडला, तो वेष्टनातील चांगल्या मसाल्याच्या भावापेक्षा फारसा कमी नव्हता. ‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ ही म्हण आमच्या शाकाहारी जिभेला शोभत नाही, तथापि तिच्यातील गणित येथे आठवले. आणि हा सगळा हिशेब त्या बाईंनी स्वतःच्या चार दिवसांच्या मेहनतीचे मोल शून्य धरून केला होता. त्याकडे आम्ही लक्ष वेधले तेव्हा त्या हसल्या. आमच्या मते तो हसण्याचा विषय नाही. घरातील स्त्रीचे श्रम फुकट धरले की जगातील प्रत्येक घरगुती गोष्ट स्वस्त ठरते. पुरुषांनी केलेल्या काटकसरीच्या गोष्टी आम्ही कीर्तनानंतर यजमानांच्या बैठकीत पुष्कळ ऐकल्या आहेत. त्यांतील निम्म्या काटकसरी स्वयंपाकघरात दुसऱ्याच कोणाच्या कमरेवर उभ्या असतात.

मग घरी मसाला करू नये काय? अवश्य करावा, मात्र कारण खरे सांगावे. आपल्या डोळ्यांदेखत कुटलेल्या मसाल्यात भेसळीची धास्ती नसते, आणि सासूच्या हातची चव सुनेच्या हाती जाते. ‘बेगमी’ हा शब्दच पाहा. तो फारसीतून आला. बे-गम, म्हणजे ज्याला चिंता नाही तो. बेगमीचा मूळ अर्थ निश्चिंतता असा आहे, बचत असा नाही. कोकणात आगोटीपूर्वी घरे भरून ठेवीत, कारण एकदा पाऊस लागला की वाटा बंद, नद्यांना पूर आणि बाजार ओस. तांदूळ, डाळ, मीठ, सुके जिन्नस घरात असणे म्हणजे चार महिने जीव वाचणे होते. तीच सवय चाकरमान्यांबरोबर गिरणगावात आली. फक्त येथे वाण्याचे दुकान जिन्याखालीच होते आणि साठवणीची जागा दहा बाय बाराच्या खोलीतली अर्धी भिंत.

धान्याबाबत थोडे निराळे आहे. नवा गहू बाजारात आला की घ्यावा, ऊन दाखवून, एरंडेल चोळून ठेवावा. ज्या वर्षी पुढे भाव चढतो त्या वर्षी खरोखर लाभ होतो. तांदूळ तर जुना झाला की अधिक मोलाचा. परंतु भाव चढेलच याची हमी कोणी दिलेली नाही. आणि एकदा पोरकिडा लागला की वर्षाची बचत सुपातून पाखडून टाकावी लागते. ज्याचे वर्षाचे पैसे एकदम गुंततात त्याला मध्येच आजारपण आले तर कर्ज काढावे लागते, आणि त्या कर्जाचे व्याज गव्हाच्या पोत्यावर लिहिलेले नसते.

साडेतीन मुहूर्तांतील हा एक मुहूर्त. तेव्हा सोन्याचे नाव घेतल्यावाचून गत्यंतर नाही. ‘अकरा हप्ते तुमचे, बारावा आमचा’ अशा योजना सराफांच्या दुकानांतून असतात. हप्ते अकराच का, याचे उत्तर पंचांगात नाही, कंपनी कायद्याच्या २०१४ च्या नियमांत आहे. मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत मालापोटी वळती झाली नाही, तर ती ठेव ठरते आणि ठेवींचे कडक नियम लागू होतात. समजा दरमहा ५,००० प्रमाणे ५५,००० भरले आणि बाराव्या हप्त्यासह ६०,००० चा दागिना मिळाला. घडणावळ शेकडा १२ असेल आणि त्यावर ३ टक्के वस्तू व सेवा कर धरला, तर त्या दागिन्यात सोने साधारण ५२,००० चे निघते. मुलीच्या लग्नासाठी दागिना करावयाचाच होता, त्याला पाच हजारांचा लाभ झाला हे खरे. परंतु गुंतवणूक म्हणून ज्याने हप्ते भरले त्याच्या पदरी, भाव स्थिर राहिला तर, भरल्याहून कमी सोने पडले. २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीच्या झालेल्या हॉलमार्कने शुद्धतेची खात्री मिळाली; घडणावळीचे गणित ज्याचे त्यानेच करावयाचे आहे.

या सर्व युक्त्या ज्यांच्या हाती चार पैसे आगाऊ असतात त्यांच्या झाल्या. गिरणगावातील कामगारापाशी ते कधी नव्हते. पगाराच्या दिवशी वाण्याची वही भागवायची आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा उधारी. मग पावशेर तेल आणि छटाक चहा ज्या भावाने तो देईल त्या भावाने घ्यायचे. ज्याच्याकडे सर्वांत कमी त्याला सर्वांत महाग, हा बाजाराचा निष्ठुर न्याय आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा कित्येक घरे याच वह्यांच्या आधारावर तगली, आणि त्याच वह्यांखाली पुढे दबलीही.

या न्यायाला उत्तर शोधले गेले ते एकेकट्याच्या काटकसरीतून नव्हे. १९४८ मध्ये नायगावात कामगारांनी ग्राहकांची सहकारी संस्था काढली; तीच पुढे ‘अपना बाजार’ म्हणून घरोघरी माहीत झाली. चकचकीत साखळी दुकानांच्या स्पर्धेत तिला कठीण दिवस पाहावे लागले, हेही नमूद केले पाहिजे. १९७२ च्या दुष्काळात आणि महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. आणि १९७५ च्या पाडव्याला बिंदुमाधव जोशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई ग्राहक पंचायतीचा आरंभ केला. शेजारच्या काही कुटुंबांनी संघ करावा, महिन्याची गरज आधी लिहून द्यावी, सर्वांची खरेदी घाऊक व्हावी आणि आलेला माल सभासदांनीच आपापसांत वाटून घ्यावा, अशी ही साधी रचना. मधला नफा वाचतो, हा तिचा उघड लाभ. आमच्या मते मोठा लाभ दुसराच आहे. येथे यादी आधी लिहावी लागते. वस्तू नंतर दिसते. बाजारात नेमके याच्या उलट घडते. शिवाय यात बायकांचे श्रम आहेत. पण ते मोजले जातात, वाटून घेतले जातात, आणि त्यांच्यावर त्यांचाच अधिकार असतो.

गेल्या चैत्रात गिरगावातील फणसवाडीजवळ आमचा मुक्काम होता. घरी माणसे चार. दोन मुले परगावी. यजमानीणबाईंनी सवयीने पाच किलो मिरचीचा आकडा कागदावर लिहिला, मग मागील वर्षीची बरणी उघडून पाहिली. ती तळाशी तिसरा हिस्सा भरलेली होती. रंग उडालेला, वास गेलेला. त्यांनी पाचाचे तीन केले, शेजारच्या दोन बिऱ्हाडांच्या याद्या त्याच कागदावर उतरून घेतल्या, आणि तिघी मिळून एकाच टॅक्सीने लालबागला गेल्या.