विश्लेषण : वेडीवाकडी स्पॅनिश नाणी जगभर का चालली?

वाकडा काठ, अर्धवट उमटलेला ठसा, कडेला गेलेला तडा. स्पॅनिश अमेरिकेत हातोड्याने ठोकलेली चांदीची नाणी घाईत उरकलेल्या कामासारखी दिसतात. तरीही दोन शतके जगाचा व्यापार त्यांच्यावर चालला. कशाच्या भरवशावर?

नाणी अशी का दिसतात?

मेक्सिकोची टांकसाळ १५३६ मध्ये सुरू झाली. आजच्या बोलिव्हियातील पोतोसीची १५७० च्या दशकात. चांदीच्या कांबीचे तुकडे पाडायचे, कात्रीने कातरून वजन जुळवायचे आणि दोन ठशांमध्ये धरून हातोडा हाणायचा. आकार कसाही असो, वजन नेमके हवे. आठ रियालच्या नाण्याचे वजन सुमारे २७ ग्रॅम. सुरतेलाही युरोपीय जहाजांतून हे रियाल येत आणि मुघल टांकसाळीत वितळून त्यांचे रुपये होत.

भरवसा कशावर होता?

एका अक्षरावर! चांदीचा कस तपासणाऱ्या अधिकाऱ्याचे आद्याक्षर नाण्यावर असे. खोट निघाली तर जबाबदार कोण, हे नाणेच सांगे. १६४० च्या दशकात पोतोसीत याच व्यवस्थेला वाळवी लागली. चांदीत तांबे मिसळले गेले, युरोपात ही नाणी नाकारली जाऊ लागली. चौकशीनंतर चांदीचा धनाढ्य व्यापारी फ्रान्सिस्को गोमेझ दे ला रोचा याला १६५० मध्ये मृत्युदंड झाला. १६५२ पासून नवा ठसा आला. त्यावर तपासनिसाचे अक्षर आणि साल एकाहून अधिक ठिकाणी होते, म्हणजे नाणे कितीही वाकडे कातरले तरी एखादे तरी वाचता यावे.

मग कोणाची नोंद नाही?

ही चांदी डोंगरातून काढणाऱ्यांची. व्हाइसरॉय तोलेदोने १५७० च्या दशकात ‘मिता’ ही वेठबिगारी पोतोसीसाठी लागू केली. ठरावीक प्रांतांतील सुमारे एकसप्तमांश मूलनिवासी पुरुषांना दरवर्षी आळीपाळीने तिथे राबावे लागे. ही पद्धत १८१२ पर्यंत टिकली.

आज ही नाणी लिलावात ‘बुडालेल्या जहाजाचा खजिना’ म्हणून विकली जातात. जहाजाचे नाव सांगितले जाते, तपासनिसाचेही. खाणीतल्या वेठीचा उल्लेख मात्र क्वचितच. संग्रहालयांनी आणि संग्राहकांनी ती ओळ वर्णनात जोडायला हवी. नाण्यातल्या खोटीचा हिशेब स्पेनच्या राजाने चोख घेतला. माणसांचा हिशेब अजून बाकी आहे.