आधी आपली वही तपासा

वसईत राहून आपण ख्रिस्ती शेजाऱ्यांकडचा नाताळचा केक खातो, पण त्यांच्या धर्माबद्दल ऐकीव बोलतो. 'येशूने सगळ्यांची पापं फेडली, म्हणजे यांना मोकळं रान!' हे वाक्य मी आपल्याच बैठकांत अनेकदा ऐकलंय. शिक्षक म्हणून सांगतो, हे उत्तर चूक आहे.

इथले बहुसंख्य ख्रिस्ती कॅथलिक. त्यांच्या चर्चने १५४७ साली ट्रेंटच्या परिषदेत ठरवलं की, तारणाची सुरुवात देवाच्या कृपेने होते, पण माणूस ती नाकारू शकतो. घोर पाप केलं तर मिळालेली कृपाही गमावतो. यात मोकळं रान कुठे आहे? इच्छेला बंदिवान म्हटलं ते ल्यूथरने, तारण आधीच नेमलेलं मानलं ते कॅल्व्हिनने. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' मराठीत आहे. बोलण्याआधी उघडून तरी बघा.

माझा मतभेद दुसरीकडे आहे. हजरत आदम यांची चूक अल्लाहने माफ केली, मग तिचा वारसा लेकरांना का? एकाचं ओझं दुसरा कसा वाहील? यावर मी जरूर वाद घालेन, पण त्यांचं खरं म्हणणं समोर ठेवून.

आणि आपलं काय? जबरिया आणि कदरिया यांच्यात हाच वाद पेटला होता. आजही नापास मुलाचा बाप मला म्हणतो, 'सर, तकदीर!' वर्षभर वही उघडायची नाही, दोष तकदीरला द्यायचा, आणि 'फुकटचा स्वर्ग' म्हणून हसायचं शेजाऱ्याला?