चित्रकलेचा तास गणिताला देऊ नका

परीक्षा जवळ आली की शाळेत पहिला बळी जातो तो चित्रकलेच्या तासाचा. गणिताचे सर दारात उभे राहून म्हणणार, "आजचा तास द्या ना, पोर्शन राहिलाय." मी निवृत्त होईपर्यंत नाही म्हणत आलो. मागच्या बाकावरची, तोंड न उघडणारी पोरं कशात हुशार आहेत हे कळायला शाळेत दुसरी जागा असतेच कुठे?

एलिमेंटरी या चित्रकला परीक्षेच्या सरावाला मी टेबलावर तांब्या आणि दोन लिंबं मांडायचो. बहुतेक मुलं तांब्याचं तोंड लंबगोल काढतात आणि बूड मात्र पट्टीने आखल्यासारखं सरळ. तांब्या सपाट टेकलाय हे त्यांना ठाऊक असतं, म्हणून ती ठाऊक असलेलं काढतात. आठवीतल्या एका मुलीने बुडालाही बाक दिला, तोही तोंडापेक्षा किंचित जास्त. हे मी शिकवलंच नव्हतं. विचारलं तर म्हणाली, "तसंच दिसतंय की सर." बाकीच्या विषयांत ती काठावर पास. पालकसभेत वडिलांना कागद दाखवला, तर त्यांनी विचारलं, "याचे मार्क किती धरतात?" (पुढच्या इंटरमिजिएट परीक्षेच्या श्रेणीला दहावीत वाढीव गुण मिळतात, म्हणून निदान चौकशी तरी होते.)

पोराकडे नीट बघणारा शिक्षक मिळाला तर काय होतं पाहा. चित्रकार सय्यद हैदर रझा १९२२ साली आजच्या मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यात जन्मले. प्राथमिक शाळेत त्यांचं चित्त थाऱ्यावर नसे. नंदलाल झारिया या गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याकडे बघत बसायला सांगितलं. पुढे जगभर गाजलेल्या आपल्या 'बिंदू' चित्रांचं मूळ रझा त्या ठिपक्यात सांगत. छडी मारणं गुरुजींना जास्त सोपं होतं.

असे गुरुजी नेमायची सोय कायद्यात आहे, पण अर्धवट. शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असेल तरच कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभवासाठी अंशकालीन निदेशक मिळतात. वाडीवस्तीवरच्या शाळेचा पट शंभरावर जाणार कसा? म्हणजे खासगी क्लासची फी ज्यांना झेपत नाही, त्यांच्याच पोरांकडे बघायला कोणी नाही. शहरात उलटी तऱ्हा. पोरगं दोनदा गुणगुणलं की तिसऱ्या दिवशी गाण्याचा क्लास, सहा महिन्यांत परीक्षा, आणि वर्षभरात पेटीवर धूळ. अहो, जरा बघा तरी आधी!

पटाची ही अट सरकारने काढावी. तोवर पालकांच्या हातात एक गोष्ट आहे. अनुदानित असो वा जिल्हा परिषदेची, शाळा व्यवस्थापन समितीत निदान तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. पुढच्या बैठकीत मुख्याध्यापकांना विचारा, वेळापत्रकातले चित्रकलेचे आणि खेळाचे तास गेल्या महिन्यात प्रत्यक्ष किती झाले. आणि मिळालेलं उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.