तिरंगी डबा आणि सतरा सप्टेंबर

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले. निमित्त डब्याचं.

गेल्या ऑगस्टमध्ये पुण्याहून सुनेचा फोन आला. "आई, शाळेनं चौदा तारखेला तिरंगी डबा मागितलाय. काय देऊ?" नातू दुसरीत आहे. मी म्हटलं, वर गाजराची कोशिंबीर, मध्ये दहीभात, खाली कोथिंबिरीची चटणी. झालं काम. तेवढ्यात मागून नातवाचा आवाज आला, "आजी, चक्र राहिलं! निळं खायचं काय असतं?" आम्ही दोघी गप्प. ऑगस्टपर्यंत जांभळंही संपलेली असतात. मग त्यानंच पुढचं विचारलं, "आणि झेंडा खायचा असतो का गं?"

आता याला काय उत्तर द्यावं? गेले काही महिने तो प्रश्न माझ्या डोक्यात आहे. म्हटलं, लिहूनच काढावं.

मी १९७२ साली जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले, २००८ साली निवृत्त झाले. छत्तीस वर्षांत किती झेंडावंदनं केली असतील याचा हिशोब तुम्हीच करा. आमच्या मराठवाड्यात वर्षाला चार असतात, तीन नव्हे. ते चौथं कुठलं ते पुढं सांगते, कारण खरं लिहायचंय ते त्याच्याबद्दलच.

आजकालच्या शाळांना नावं ठेवायचा माझा इरादा नाही. तिरंगी डबे, तिरंगी बांगड्या, भारतमातेची वेशभूषा, पालकांच्या मोबाईलमध्ये पन्नास फोटो. आम्ही तरी काय मोठे शहाणे होतो? पहाटे प्रभातफेरी, मग तासभर उन्हात रांगा, पाहुण्यांचं लांबलेलं भाषण, एखादी मुलगी चक्कर येऊन पडायची, आणि शेवटी लिमलेटच्या दोन गोळ्या. मुलांना आठवतात त्या गोळ्याच. वर्गात शिकवणं म्हणजे फळ्यावर यादी: राष्ट्रीय पक्षी मोर, राष्ट्रीय फूल कमळ, राष्ट्रीय खेळ हॉकी. पाठ करा. तीस वर्षं मी हॉकी घोकून घेतली. निवृत्तीनंतर, २०१२ साली, माहितीच्या अधिकारात कुणीतरी विचारल्यावर सरकारनं सांगितलं की कुठलाच खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून जाहीर केलेला नाही! माझ्या हातून चुकीचं उत्तर लिहून मार्क मिळवलेली किती मुलं असतील देव जाणे.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे: राष्ट्रीय सण मुलांना रंगवायला किंवा खायला देऊ नका, त्यांच्या हाताला काम द्या. आणि ते काम करताना जो प्रश्न निघेल त्यापासून पळू नका. हे दुसरं मला उशिरा कळलं.

हाताला काम म्हणजे काय ते सांगते. अशोकचक्राचे आरे चोवीस. हे पाठ सगळ्यांना असतं, पण चित्र काढताना कुणी अठरा काढतं, कुणी तीस. मी एकदा प्रत्येकाला वर्तमानपत्राचा गोल कापून दिला आणि म्हटलं, घड्या घालून चोवीस भाग करा. पोरं भराभर अर्ध्याच्या अर्ध्या घड्या घालत सुटली. दोन, चार, आठ, सोळा... आणि पुढची घडी घातली की एकदम बत्तीस! चोवीस काही येईना. अर्धा तास वर्गात नुसता कागदांचा आवाज. शेवटी एका पोरीनं अर्ध्या गोलाचे तीन सारखे भाग केले, मग परत अर्धे, परत अर्धे. उघडलं तर चोवीस. त्या वर्गाला दोन त्रिक सहा, सहा दुणे बारा मला वेगळं शिकवावं लागलं नाही, आणि चक्र त्यांनी पुन्हा चुकवलं नाही.

सिंहांचंही तसंच. खिशातला रुपया कागदाखाली ठेवून वरून पेन्सिल घासली की राजमुद्रा उमटते. सगळी म्हणायची, सिंह तीन. मी चार मुलांना पाठीला पाठ लावून मैदानात उभं करायची आणि बाकीच्यांना भोवती फिरायला सांगायची. कुठूनही बघा, एकाचं तोंड दिसत नाही. मग सारनाथचा खांब, सम्राट अशोक, खालचा बैल आणि घोडा, मुंडकोपनिषदातलं वचन, हे सगळं ओघानं यायचं. न दिसणारा चौथा सिंह व्हायला मात्र कुणी तयार नसायचं, त्यावरून भांडणं व्हायची.

प्रतिज्ञेतला "पाईक" शब्द विचारला तर एक जण म्हणाला, "ज्याचे पाय दुखतात तो." रोज म्हणत होता बिचारा, आणि उभं राहून राहून त्याचे पाय दुखतही असतील. ही प्रतिज्ञा पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ साली तेलुगूत लिहिली, हे मलाच किती वर्षं माहीत नव्हतं.

आणि झेंड्याची गाठ. ज्यांनी शाळेत काम केलंय त्यांना ही धास्ती माहीत आहे. आमच्याकडे झेंड्याची घडी करून, आत फुलांच्या पाकळ्या घालून वर बांधतात आणि खालून दोरी ओढली की तो उलगडतो. खरं तर पंधरा ऑगस्टला झेंडा खालून वर चढवायचा आणि सव्वीस जानेवारीला वर बांधलेला नुसता उलगडायचा, असा दिल्लीतला फरक आहे. खेड्यात दोन्ही वेळा वरच बांधतात. गाठ सुरगाठ हवी. एका वर्षी निरगाठ बसली. पाहुणे दोरी ओढतायत, खांब हलतोय, झेंडा काही सुटेना, राष्ट्रगीत सुरू करावं की नाही कुणाला कळेना. पुढच्या वर्षी मी वर्गात दोरी नेली आणि विचारलं, सुरगाठ कुणाला येते? हात वर केला तो एका गुरं वळणाऱ्या पोरानं, ज्याला चौथीत येऊनही जोडाक्षरं वाचता येत नव्हती. "वासराला हीच तर मारतेत, बाई." त्यानं सगळ्या वर्गाला शिकवली, मलाही शिकवली. तेव्हापासून आमच्या शाळेत झेंडा बांधायचं काम चौथीकडे आलं. तो पोरगा मला अजून बाजारात भेटतो.

हे सगळं सोपं होतं. अवघड होता तो सतरा सप्टेंबर.

पुण्या-मुंबईकडच्या आणि परदेशातल्या भाचरांसाठी थोडं सांगते. १५ ऑगस्ट १९४७ ला मराठवाडा स्वतंत्र झाला नाही. आमचे तेव्हाचे पाच जिल्हे (आता आठ आहेत) निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लढा चालू होता, आणि दुसरीकडे लातूरला वकिली करणाऱ्या कासीम रझवीचे रझाकार गावागावांत धुमाकूळ घालत होते. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताचं सैन्य संस्थानात शिरलं, १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली. म्हणजे आमचं स्वातंत्र्य तेरा महिने उशिरा आलं. (माझी नणंद फोंड्याला असते. ती म्हणते, तुमचं तेरा महिने तर आमचं चौदा वर्षं. गोव्याचं खरंच आहे, १९ डिसेंबर १९६१.)

१९९८ साली मुक्तिसंग्रामाला पन्नास वर्षं झाली. मी उत्साहानं चौथीच्या मुलांना सांगितलं, घरी जा, आजी-आजोबांना विचारा, रझाकारांच्या काळात काय झालं ते लिहून आणा. मला वाटत होतं, काय छान उपक्रम काढलाय! आणि मुलांनी आणलंही भरभरून. कुणी पेवात लपवलेल्या ज्वारीची गोष्ट आणली, कुणी सरहद्द ओलांडून वऱ्हाडात पळून गेलेल्या कुटुंबाची. एकानं आजीच्या गाठोड्यातून हाली शिक्क्याचं नाणं आणलं, ते दिवसभर हातोहात फिरत होतं.

मग मुलं एकेक करून वाचायला लागली. तिसऱ्या की चौथ्या मुलानं वाचलं, "मुसलमान लोकांनी आमचं घर जाळलं." रझाकार म्हणायचं सोडून त्यानं तसं लिहिलं होतं, घरी ऐकलं असेल तसं. वर्गात एकच मुसलमान मुलगी होती, दुसऱ्या रांगेत बसायची. चाळीस डोकी एकदम तिच्याकडे वळली. मी त्या मुलाला थांबवलं नाही. चूक दुरुस्त केली नाही. "पुढचा वाच" म्हटलं.

शाळा सुटल्यावर ती दप्तर घेऊन टेबलाशी आली. म्हणाली, "बाई, आमचे दादा पण तेव्हा इथंच होते. मग ते कुणाकडून होते?" तिच्या आजोबांना ती दादा म्हणायची.

मी काय उत्तर दिलं असेल? "उशीर होतोय, घरी जा."

सतराला ती झेंडावंदनाला आली नाही. अठराला आली, पण मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. तिचे वडील गवंडी. शाळेतला झेंड्याचा ओटा त्यांनीच दुरुस्त करून दिला होता, मजुरी न घेता.

माझ्याकडे उत्तर नव्हतं, हे खरं. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली बाई, इतिहास पुस्तकात होता तेवढाच. पण उत्तर शोधायला मला जे सहा महिने लागले, ते त्या संध्याकाळी "मला माहीत नाही, आपण शोधू" एवढं म्हणून सुरू करता आले असते. शोधलं तेव्हा पहिलं नाव सापडलं शोएबुल्ला खान यांचं. हैदराबादला "इमरोज" नावाचं उर्दू दैनिक चालवायचे. संस्थान भारतात सामील व्हावं असं उघड लिहायचे. ऑगस्ट १९४८ मध्ये, मुक्तीला महिनाही उरला नव्हता, तेव्हा रझाकारांनी त्यांना ठार मारलं. तरुण माणूस. आमच्या सतरा सप्टेंबरच्या भाषणांत मी हे नाव तोवर एकदाही ऐकलं नव्हतं. आणि दुसरीही बाजू कळली, की पोलीस कारवाईनंतर कित्येक ठिकाणी निरपराध मुसलमानांवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलालांच्या समितीनं त्याची चौकशी केली, पण तो अहवाल पुढं कित्येक वर्षं लोकांसमोर आलाच नाही.

हे सगळं नऊ वर्षांच्या मुलांना सांगायचं का? मारझोडीचे तपशील नकोत, असं माझं मत. पण रझाकार ही एक संघटना होती, अख्खी जमात नव्हे, आणि त्यांच्याविरुद्ध जीव देणाऱ्यांत मुसलमानही होते, एवढं सांगितलंच पाहिजे. ते न सांगता झेंडा चढवला तर आपण वर्गातल्या एकाला रांगेबाहेर उभं करतो. काही जण म्हणतील, बाई, सणाच्या दिवशी कशाला हे उकरून काढायचं? अहो, मी उकरलंच होतं. अर्धवट उकरून सोडून दिलं, हीच तर चूक.

पुढच्या वर्षी मी प्रश्न बदलला. रझाकारांनी काय केलं हे न विचारता विचारलं, त्या वर्षी तुमच्या घरचे लोक काय खात होते, कुठं झोपत होते, आणि त्यांना कुणी मदत केली? तर गोष्टीच वेगळ्या आल्या. एकाच्या पणजीचे दागिने शेजारच्या शिंप्यानं आपल्या घरात पुरून ठेवले होते, आणि तो शिंपी मुसलमान होता. दुसरीच्या आजोबांनी कारवाईनंतर एका मुसलमान कुटुंबाला आठ दिवस गोठ्यात लपवलं होतं. त्या आजोबांना मी शाळेत बोलावलं. ते आले, ओट्यावर बसले, पाच मिनिटं बोलले आणि म्हणाले, जास्त काही नाही, गोठा रिकामाच होता.

पण तोवर ती मुलगी चौथी पास होऊन पाचवीला दुसऱ्या शाळेत गेली होती. पुढं लग्न होऊन निजामाबादकडे गेली असं कळलं. तिच्या प्रश्नाचं उत्तर मी तिच्यानंतरच्या नऊ वर्गांना दिलं. तिला नाही.

असो. डब्याचं काय झालं ते राहिलंच. सुनेनं शेवटी साधी पोळी-भाजी दिली आणि बरोबर वर्तमानपत्राचा एक गोल कापून दिला. नातवानं मधल्या सुट्टीत पाच-सहा पोरांना घड्या घालायला लावल्या म्हणे. त्यांचंही बत्तीसवर अडलं. बाईंनी विचारलं तर हा म्हणाला, आजीनं सांगितलंय, उत्तर लगेच नाही सांगायचं.

नांदेड-परभणीकडच्या घरच्या मंडळींना एक विनंती. तुमच्याकडे ४८ सालच्या आठवणी सांगणारं कुणी अजून असेल तर या दिवाळीत जवळ बसा आणि लिहून घ्या. विशेषतः विमलताई, तुझ्या सासूबाईंची पेवाची गोष्ट मी अर्धीच ऐकली आहे. त्या पेवावर दगड कुणी सरकवला ते त्या सांगणार होत्या, तेवढ्यात चहा आला.