सौर दिव्याची बॅटरी : काटकसर कोठें करावी?

गोठ्यांत व राखणीच्या माळ्यावर सौर दिवे लावण्याची प्रवृत्ति शेतकरीवर्गांत वाढत आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु हिशेब न करतां स्वस्त बॅटरी घेण्याची चाल आम्हांस घातक वाटते.

२० वॅटचे दिवे रात्रीं १० तास जाळल्यास २०० वॅट-तास वीज लागते. श्रावणांत सलग ३ दिवस ऊन पडलें नाहीं, तर ६०० लागेल. शिसें व आम्ल यांची बॅटरी वारंवार निम्म्याखालीं उतरविल्यास तिचें आयुष्य घटतें. म्हणून १२ व्होल्टची १०० अँपियर-तासांची बॅटरी हवी. ४० ची घेणाराची एकच रात्र निभावते. मात्र बॅटरी वाढविली कीं तिला भरून काढील असें पॅनेलहि हवें.

बॅटरीबरोबर जोखीमहि वाढते. उंदरानें वेष्टण कुरतडून दोन तारा भिडल्या, तर शेंकडों अँपियर प्रवाह वाहून तार क्षणांत लाल होते. शेजारीं कडब्याची गंज असल्यास पुढचें सांगणें नको. यास्तव बॅटरीच्या धन टोंकापासून वीतभर अंतरांतच १५ अँपियरचा फ्यूज बसवावा, तार तांब्याची व २.५ चौरस मिलिमीटरची घ्यावी, आणि ती नळींतून न्यावी. भरतांना बॅटरींतून ज्वालाग्राही हायड्रोजन निघतो. तिची जागा हवेशीर व वैरणीपासून दूर असावी.

काटकसर करणेंच झाल्यास दिवा एक कमी लावावा. फ्यूज व तार यांत ती करूं नये. या क्षुल्लक किंमतीच्या वस्तूंवर वर्षाची वैरण व दावणीचीं जनावरें अवलंबून आहेत, हें शेतकरी बंधूंनीं विसरूं नये.